काकांची किल्ल्यांची साइट नव्या होस्टिंगवर नेताना

माझ्या मावशीचे यजमान नाशिकला असतात, पाटबंधारे खात्यातून निवृत्त. २००६ पासून त्यांची स्वतःची वेबसाइट आहे आणि तिचा विषय एकच, नाशिक जिल्ह्यातले किल्ले. साल्हेर, मुल्हेर, धोडप, हरिहर, अंकाई-टंकाई. वाट कुठून लागते, कुठल्या टाक्यातलं पाणी पिण्याजोगं असतं, पायथ्याच्या गावात मुक्काम होतो का, शिलालेख कुठल्या चौकटीवर आहे, अशा बारीकसारीक नोंदी तिथे आहेत. बागलाणात जाणारे ट्रेकर आजही ती पानं उघडतात. ही साइट एका होस्टिंग कंपनीकडून (साइटला सर्व्हरवर जागा भाड्याने देणारी कंपनी) दुसरीकडे हलवायचं काम माझ्याकडे आलं. छोट्या साइट बांधणं आणि सांभाळणं हा माझा धंदाच आहे. तरीही हे प्रकरण सविस्तर लिहावंसं वाटलं, कारण होस्टिंग बदलण्याबद्दलचे सल्ले बहुतेक वेळा इंग्रजी साइट डोळ्यांसमोर ठेवून दिलेले असतात. मराठी साइट हलवताना घोडं भलत्याच ठिकाणी अडतं.

हलवायचं कशासाठी

काकांच्या दृष्टीने कारण एकच होतं, बिल. तीन वर्षांचं पॅकेज घेताना सवलतीचा दर मिळाला होता. नूतनीकरणाला तो तिपटीच्या वर गेला, शिवाय १८ टक्के जीएसटी वेगळा. "अरे, एवढ्यात मी दोनदा साल्हेर करून येईन," असं म्हणाले आणि ते खरंच होतं.

नुसत्या पैशांसाठी मी हलवाहलवी सुचवत नाही. नव्या कंपनीची सवलतही कधीतरी संपतेच. पण इथे आणखी दोन कारणं होती. काकांच्या पॅकेजवर पीएचपी (साइट ज्या भाषेत चालते ती) ७.४ च्या पुढे जाता येत नव्हतं आणि त्या आवृत्तीचा सुरक्षा-पाठिंबा २८ नोव्हेंबर २०२२ लाच संपला. पुढची आवृत्ती हवी तर महागडं पॅकेज घ्या, असं उत्तर मिळालं. दुसरं, सर्व्हर अमेरिकेत होता. इथून तिथे एक फेरी मारायला दोनशे मिलिसेकंदांच्या वर लागतात, आणि एक पान उघडताना अशा कितीतरी फेऱ्या होतात. साल्हेरवाडीत मोबाइलला एखादी काडी रेंज असते तेव्हा ते चांगलंच जाणवतं. वाचणारे सगळे महाराष्ट्रातले असताना साइट सातासमुद्रापार ठेवण्यात काही अर्थ नव्हता.

नवी कंपनी निवडताना डेटा सेंटर मुंबईत आहे का, एसएसएचने (सर्व्हरला थेट आज्ञा देण्याची सुरक्षित वाट) आत जाता येतं का, बॅकअप आपल्याला उतरवून घेता येतो का आणि पैसे यूपीआयने भरता येतात का, एवढंच पाहिलं. 'अनलिमिटेड' या शब्दाकडे मी लक्ष देत नाही. शेअर्ड होस्टिंगमध्ये, म्हणजे एकाच सर्व्हरवर अनेक गिऱ्हाइकं असतात तिथे, जागा अमर्याद म्हणतात, पण फाइलींच्या संख्येवर मर्यादा असते, आणि काकांची साइट ज्यावर चालते ते वर्डप्रेस प्रत्येक फोटोच्या चार-पाच आकारांच्या प्रती करत असल्याने फोटोवाली साइट त्या मर्यादेला लवकर भिडते.

यूपीआयचा मुद्दा वरवरचा वाटेल, पण नाही. १ ऑक्टोबर २०२१ पासून रिझर्व्ह बँकेच्या नियमांमुळे कार्डावरून आपोआप होणाऱ्या वसुलीला आधी रीतसर मँडेट, म्हणजे ग्राहकाने बँकेला दिलेली परवानगी, लागतो. तेव्हा परदेशी कंपन्यांच्या पुष्कळ वसुल्या बंद पडल्या. काकांच्या पॅनलमध्ये 'ऑटो रिन्यू चालू' असं हिरव्या अक्षरांत दिसत होतं आणि बँकेकडे मँडेटच नव्हता. अशा अवस्थेत डोमेनची, म्हणजे साइटच्या नावाची, मुदत गुपचूप उलटते आणि मालकाला कळतं ते साइट बंद पडल्यावर.

नाव कोणाचं, चाव्या कोणाकडे

कामाला हात घातला तेव्हा पहिले काही दिवस एकही फाइल हलवली नाही. काय काय कोणाच्या ताब्यात आहे हे नुसतं कागदावर मांडलं. डोमेन, डीएनएस (ते नाव कुठल्या सर्व्हरकडे जातं याची नोंदवही), मेल आणि प्रत्यक्ष साइट या चार वेगळ्या गोष्टी आहेत. एकाच दुकानातून घेतल्या की त्या एकच वाटतात, आणि बहुतेकांचा घोटाळा तिथेच होतो. डोमेन म्हणजे सातबारा आणि होस्टिंग म्हणजे भाड्याची खोली. खोली बदलली म्हणून सातबाऱ्यावरचं नाव बदलत नाही, पण ते नाव मुळात आपलं आहे का हे तरी बघायला हवं.

काकांचं नव्हतं. २००६ साली ज्या ओळखीच्या संगणकवाल्याने साइट उभी करून दिली, त्याने डोमेन स्वतःच्या नावावर नोंदवलं होतं. तेव्हा सर्रास असंच चालायचं, त्यात कोणाचा वाईट हेतू नसायचा. तो गृहस्थ सापडला, भला निघाला आणि त्याने मालकाचं नाव बदलून दिलं. मात्र डॉट कॉमसारख्या डोमेनवर मालक बदलला की आयकॅन या जागतिक डोमेन-संस्थेच्या नियमानुसार साधारणपणे ६० दिवस ते डोमेन दुसऱ्या रजिस्ट्रारकडे (नाव नोंदवणाऱ्या कंपनीकडे) नेता येत नाही. बदल करण्याआधीच ही अट नको म्हणायची सोय काही रजिस्ट्रार देतात, इथे ती नव्हती.

त्याने काहीच अडलं नाही, हे मुद्दाम सांगतो. होस्टिंग बदलायला डोमेन हलवावं लागत नाही. डोमेन जुन्या रजिस्ट्रारकडेच राहू द्यायचं आणि ते कुठल्या सर्व्हरकडे बोट दाखवतं तेवढं बदलायचं. दोन्ही एकाच वेळी हलवली आणि काही बिघडलं, तर दोष कुठे शोधायचा तेच कळत नाही.

आणखी एक गाठ सोडवावी लागली. रजिस्ट्रारच्या खात्याचा ईमेल काकांच्या त्याच डोमेनवरचा होता. म्हणजे मेल बंद पडला की पासवर्ड बदलायची चिठ्ठीही त्याच बंद पेटीत जाणार. तो पत्ता आधी बदलून वेगळा केला. ज्यांची स्वतःची साइट आहे त्यांनी एवढी एक गोष्ट आजच तपासावी.

मेलचं म्हणाल तर पेन्शनच्या बँकेपासून भाच्यांपर्यंत सगळ्यांकडे काकांचा हाच पत्ता. मेल आणि साइट एकाच सर्व्हरवर ठेवायची नाही असं ठरवून मेल स्वतंत्र सेवेकडे नेला. जुन्या पेटीतली पत्रं आयमॅपसिंक या साधनाने फोल्डरसकट उतरली. एसपीएफची नोंद, म्हणजे या डोमेनवरून मेल कुठले सर्व्हर पाठवू शकतात याची यादी, एका डोमेनला एकच चालते. जुनी ठेवून शेजारी नवी टाकली तर दोन्ही निकामी ठरतात आणि पत्रं स्पॅममध्ये जायला लागतात. फेब्रुवारी २०२४ पासून गूगल आणि याहू पाठवणाऱ्याची ही ओळख सक्तीने तपासतात, त्यामुळे इथे हयगय परवडत नाही.

डीएनएसबद्दलचा नेहमीचा सल्ला असा की आदल्या दिवशी टीटीएल कमी करा, मग बदल करा. सल्ला बरोबर आहे, पण अर्धवट. टीटीएल म्हणजे ही नोंद किती सेकंद लक्षात ठेवायची याची सूचना. काकांच्या साइटच्या पत्त्याला तो १४,४०० सेकंद, म्हणजे चार तास होता. तो ३०० वर आणता येतो. पण डीएनएसच्या नोंदी सांभाळणारे नेमसर्व्हरच बदलायचे असतील तर त्यांची नोंद डॉट कॉमच्या वरच्या पातळीवर असते, तिचा टीटीएल दोन दिवसांचा असतो आणि तो आपल्या हातात नसतो. म्हणून कामाचे दोन भाग केले. आधी डीएनएस एका वेगळ्या सेवेवर नेलं, सगळ्या नोंदी जशाच्या तशा ठेवून. साइट अजून जुन्याच सर्व्हरवर होती, त्यामुळे कोणाला जुने नेमसर्व्हर मिळाले काय नि नवे मिळाले काय, उत्तर एकच. ते दोन दिवस निवांत उलटू दिले. त्यानंतर साइटचा पत्ता बदलायचा तो पाच मिनिटांच्या टीटीएलवर, स्वतःच्या हातातल्या पॅनलमधून.

अक्षरांचं काय झालं

नव्या कंपनीची फुकट स्थलांतर सेवा होती. त्यांच्या माणसाने पीएचपीमायअॅडमिन या साधनातून डेटाबेस (लेखांचा सगळा साठा) काढला, नव्या सर्व्हरवर चढवला आणि 'यशस्वी' असा निरोप पाठवला. तात्पुरत्या पत्त्यावर साइट उघडून पाहिली. पान येत होतं, फोटो येत होते, आणि मजकुराच्या जागी रोमन ए, त्याच्या डोक्यावर तिरकी रेघ, शेजारी चलनाची खूण, मग जपानी येनची खूण, पुन्हा ए, अशी रांगच्या रांग. काकांनी बघितलं आणि त्यांचा चेहरा उतरला. "गेलं का रे सगळं?"

गेलं काहीच नव्हतं. देवनागरीचं प्रत्येक अक्षर, प्रत्येक काना-मात्रा यूटीएफ-८ या अक्षरं साठवण्याच्या पद्धतीत तीन बाइट घेते. त्यातला पहिला बाइट नेहमी तोच, जो लॅटिन, म्हणजे युरोपीय अक्षरांच्या, तक्त्यात वाचला की रेघवाला ए दिसतो. दुसरा बाइट म्हणजे ती चलनाची किंवा येनची खूण. पडद्यावर ही जोडी वारंवार दिसली की मराठी मजकूर चुकीच्या तक्त्यातून वाचला जातोय हे समजावं.

त्याचं मूळ २००६ मध्ये होतं. तेव्हाचं वर्डप्रेस डेटाबेसला अक्षरसंच सांगतच नसे. ती सोय २००७ च्या २.२ आवृत्तीत आली. मायएसक्यूएल या डेटाबेस-प्रणालीचा तेव्हाचा ठरीव संच लॅटिन-१, त्यामुळे डेटाबेसचे तक्ते लॅटिन-१ म्हणून बनले आणि त्यांत मराठीचे बाइट तसेच ओतले गेले. लिहिणारा आणि वाचणारा दोघेही एकच चूक करत असल्याने इतकी वर्षं सगळं नीट दिसत होतं. नव्या सर्व्हरने प्रामाणिकपणे यूटीएफ-८ मध्ये विचारलं आणि उत्तर रूपांतर होऊन आलं.

साइडबारही गायब होता. तोही याच कारणाने. वर्डप्रेस विजेटची, म्हणजे साइडबारमधल्या चौकटींची, माहिती साठवताना मजकुराची लांबी बाइटमध्ये लिहून ठेवतं. मराठी शीर्षकांचे बाइट फुगले, आकडा जुळेना, आणि पीएचपीने ती अख्खी नोंद नाकारली.

अशा वेळी इंटरनेटवरच्या एखाद्या 'अक्षरदुरुस्ती' यंत्रात मजकूर चिकटवायचा मोह होतो. तो निग्रहाने टाळावा. विंडोजच्या लॅटिन तक्त्यात पाच जागा रिकाम्या आहेत आणि आपल्या दुर्दैवाने नेमक्या त्या जागांवर आपली अक्षरं येतात. ऱ्हस्व उकाराचा शेवटचा बाइट त्यांतलाच, हलंताचाही तोच प्रकार. ए, ऐ, झ, चंद्रबिंदू, ॐ हेही तिथलेच. पडद्यावरून नक्कल केली की हे बाइट वाटेत गळून पडतात. उकार नाही आणि जोडाक्षर नाही, अशी मराठी उरेल तरी किती?

उपाय डेटाबेसच्या पातळीवर केला. चढवलेल्या प्रतीत मूळ बाइट शाबूत होते. नव्या सर्व्हरवर एसएसएच होतंच, तिथून डेटाबेसची प्रत काढणाऱ्या मायएसक्यूएलडंपला 'लॅटिन-१ मध्येच बोल आणि अक्षरसंचाची ओळ लिहू नकोस' असं सांगून पुन्हा डंप काढला. त्या फाइलीत स्वच्छ मराठी दिसली. मग तक्त्यांच्या व्याख्यांमध्ये लॅटिन-१ च्या जागी यूटीएफ-८-एमबी-४ (मायएसक्यूएलमधलं पूर्ण यूटीएफ-८) लिहिलं आणि नव्या कोऱ्या डेटाबेसमध्ये चढवलं. साइडबार आपोआप परत आला, कारण बाइटचे आकडे पुन्हा जुळले.

थोडे लेख मात्र असे निघाले की त्यांत नुसती प्रश्नचिन्हं होती. ते नुकसान जुनंच होतं, मधल्या काळात कोणीतरी केलेल्या एका हलवाहलवीतलं. यूटीएफ-८ मजकूर रूपांतर करून लॅटिन तक्त्यात कोंबला की न बसणाऱ्या प्रत्येक अक्षराचं प्रश्नचिन्ह होतं आणि मागे काहीच उरत नाही. त्यांतले बरेचसे इंटरनेट आर्काइव्हच्या जुन्या प्रतींमध्ये सापडले. तिथे नव्हते ते काका आपल्या भटकंतीच्या वह्यांवरून पुन्हा लिहीत आहेत.

पायऱ्यांचे फोटो

फोटोंचा प्रकार मला अधिक शिकवून गेला. जुन्या सर्व्हरची एफटीपी (फाइली आणण्या-नेण्याची वाट) सारखी तुटत होती. काकांच्या मुलीच्या जुन्या मॅकवर सगळ्या फोटोंची अलीकडचीच प्रत होती, तेव्हा तिथून चढवावेत असं ठरलं. चाचणीसाठी एक फोल्डर चढवलं. बहुतेक फोटो आले, पण हरिहरच्या कातळकोरीव पायऱ्यांचे एकही नाहीत. दऱ्यांचे नाहीत. 'पहाऱ्याची चौकी' नाही. फाइली सर्व्हरवर दिसत होत्या, नावं वाचून तीच होती आणि ब्राउझर मात्र 'सापडलं नाही' म्हणत होता.

काकांनी फाइलींना मराठी नावं दिली होती आणि अडलेल्या प्रत्येक नावात 'ऱ्य' होतं. हा आडवा रफार युनिकोडमध्ये 'ऱ' पासून बनतो आणि तो 'ऱ' दोन प्रकारे लिहिता येतो, एकसंध एकच चिन्ह म्हणून किंवा 'र' आणि खाली नुक्ता (टिंब) अशी फोड करून. दिसायला दोन्ही हुबेहूब. मॅकची जुनी एचएफएस प्लस फाइलप्रणाली नावांची अशी फोड करूनच साठवते. लेखांमधल्या दुव्यांत एकसंध 'ऱ', चढवलेल्या फाइलींत फोडलेला. लिनक्स सर्व्हरला ती दोन वेगळी नावं.

ज्या सल्ल्यांच्या याद्या मी पाहिल्या आहेत त्यांत हे कुठेही नाही, कारण हिंदीला हा आडवा रफार लागत नाही आणि इंग्रजीला तर नाहीच. कॉन्व्हएमव्ही नावाचं साधन नावं पुन्हा एकसंध रूपात आणतं, त्याने काम झालं. जमेल तिथे फाइली एका सर्व्हरवरून थेट दुसऱ्या सर्व्हरवर न्याव्यात, मध्ये घरचा संगणक आणूच नये.

दुव्यांचंही असंच. वर्डप्रेस लेखाच्या पत्त्याला २०० रोमन चिन्हांची जागा देतं, आणि देवनागरीचं एक चिन्ह पत्त्यात नऊ जागा खातं. म्हणजे जेमतेम बावीस चिन्हं, त्यांत काना-मात्रा आणि हलंत धरून. 'साल्हेर किल्ल्यावरच्या पायऱ्या' आणि 'साल्हेर किल्ल्यावरच्या पाण्याच्या टाक्या' हे दोन्ही पत्ते तिसऱ्या शब्दाच्या 'प' वर येऊन तुटतात. पहिल्याला तो 'प' मिळतो, दुसऱ्याच्या शेपटीला '-२' लागतो. लेख नव्याने आयात करून पत्ते पुन्हा बनवले असते तर कुठल्या लेखाला कुठली शेपटी मिळेल याचा नेम नव्हता, आणि इतक्या वर्षांत लोकांनी जिथे जिथे दुवे दिलेत ते चुकीच्या पानावर गेले असते. म्हणून आयात-निर्यातीच्या वाटेला गेलोच नाही. अख्खा डेटाबेस उचलला, पत्त्यांचा स्तंभ जसाच्या तसा.

प्रत्यक्ष बदल

थीम, म्हणजे साइटच्या रूपाचा साचा, जुनी होती. तिच्यात क्रिएट-फंक्शन ही पीएचपीची जुनी आज्ञा वापरलेली आणि पीएचपी ८.० ने ती काढून टाकलीय, त्यामुळे पांढरं पान. चार ओळी बदलल्या.

ब्राउझरने बोंब मारू नये म्हणून सुरक्षित जोडणीचं प्रमाणपत्र आधीच हवं होतं. पण ते फुकट देणाऱ्या लेट्स एन्क्रिप्टची नेहमीची तपासणी साइट नव्या सर्व्हरवर आल्यावरच होते. त्याऐवजी डीएनएसमध्ये एक टीएक्सटी (मजकुराची) नोंद टाकून ते आधी मिळवलं. ते ९० दिवसांचं असतं, पुढचं नूतनीकरण सर्व्हर आपोआप करतो. मग माझ्या आणि काकांच्या संगणकावर हॉस्ट्स फाइलीत (डीएनएसच्या आधी संगणक बघतो ती त्याची स्वतःची यादी) नवा पत्ता लिहिला. त्यामुळे बाकी जगाला जुनी साइट दिसत असताना आम्हा दोघांना खऱ्या नावानिशी नवी दिसू लागली. काकांनी एकेक लेख उघडून वाचला. माझं काम शीर्षकं आणि दुवे बघण्याचं, पण 'चौल्हेर'चं 'चाल्हेर' झालेलं त्यांच्याच डोळ्यांना दिसलं. ती त्यांचीच २००९ मधली टंकनातली चूक निघाली, पण बघणारा लेखक स्वतः असला की तपासणी कशी होते हे मला कळलं.

बदल केला तो मंगळवारी सकाळी. शनिवार-रविवारच्या ट्रेकसाठी लोक गुरुवारपासून साइट बघतात आणि दोन्ही कंपन्यांची मदत-केंद्रं कामाच्या दिवशी जागी असतात. रात्री बारा वाजता बदल करण्याची पद्धत मला पटत नाही, अडचण आली तर फोन उचलायला कोणी नसतं. प्रतिक्रिया तेवढ्या वेळापुरत्या बंद ठेवल्या, डेटाबेसची शेवटची प्रत त्याच वाटेने फिरवून घेतली आणि पत्ता बदलला. तासाभरात जुन्या सर्व्हरच्या नोंदवहीत फक्त शोधयंत्रांचे रोबो उरले.

पुढचा महिनाभर जुनं होस्टिंग चालू ठेवलं. तेवढे पैसे वाया गेले असं काकांना वाटलं, मला नाही. त्या काळात नव्या सर्व्हरच्या नोंदींमधून 'सापडलं नाही' अशा ओळी रोज चाळल्या. त्यात वर्डप्रेसच्या आधीच्या काळातली, हाताने बनवलेली काही पानं निघाली. ती डेटाबेसमध्ये नव्हतीच, मूळ फोल्डरमध्ये एका कोपऱ्यात पडून होती. अंकाईच्या लेण्यांवरच्या एका जुन्या पानाला अजूनही रोज भेटी होत होत्या. जुना सर्व्हर हाताशी होता म्हणून ती आणता आली.

होस्टिंग रद्द करताना पॅनलने 'सोबतचं मोफत डोमेनही रद्द होईल' अशी खूण आधीच करून ठेवली होती. ती काढली, मग रद्द केलं. ६० दिवस उलटल्यावर हस्तांतराचा अधिकृत संकेत (कोड) घेऊन डोमेन काकांच्या स्वतःच्या खात्यात, भारतीय रजिस्ट्रारकडे आणलं आणि पाच वर्षांचे पैसे एकदम भरून टाकले. खात्याचा तपशील आता काकांच्या डायरीत आहे आणि मुलीकडे आहे. माझ्याकडे नाही, तसंच ठरवलं होतं.